दिवेलागणीची परेड

देवावर माझा राग आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना गोड गोड अनुभव वाचायचा असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. आमच्या न्हावऱ्याच्या भजनी मंडळातल्या बायका कधीपासून माझ्या मागे लागल्या आहेत की, काकी, तुम्हाला देव भेटला, तो अनुभव लिहून काढा. मला देव भेटला की नाही ते मला ठाऊक नाही. मला कासुर्डीचा एक निवृत्त हवालदार भेटला, एवढं खरं. पण तो भेटला नसता तर आज हे लिहायला मी उरले नसते, हेही तितकंच खरं. म्हणून लिहिते आहे आणि रागासकट लिहिते आहे.

आमचे हे सैन्यात कर्नल होते. न्हावऱ्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पहाटे म्हशीची धार काढून शाळेत जाणारा, तो अधिकारी झाला याचं गावाला इतकं अप्रूप की आमच्या लग्नात लोक नवरीपेक्षा नवरदेवाच्या चालण्याकडेच बघत होते. सगळी नोकरी पायदळात गेली. पायदळ म्हणजे बायकोच्या बाजूने बघितलं तर बरंचसं रिकामं घर. जिथे कुटुंब नेता येत नाही तिथे हे, आणि मी दोन लेकरांना घेऊन कुठल्या तरी छावणीतल्या क्वार्टरमध्ये. लेकीचा जन्म झाला तेव्हा हे नव्हते. सासरे गेले तेव्हा पोहोचले ते तिसऱ्याच्या राखेला. मी कुरकुर केली नाही असं नाही, भरपूर केली. पण सुट्टीवर आले की हा माणूस अख्खा माझा असायचा. माझे केस विंचरून वेणी घालायचे, आणि ती वेणी इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. म्हणायचे, "सैल काम मला जमत नाही. रिटायर झालो की मी पूर्णपणे तुझ्या हुकमात." शब्दाला पक्का माणूस. निवृत्त झाले, पुण्यातल्या फ्लॅटला नकार दिला आणि मला घेऊन न्हावऱ्यात आले. ऊस लावला, कांदा लावला, चार गाई घेतल्या. गाईंनासुद्धा त्यांनी उजवी-डावी शिकवली असती, पण गाई त्यांना जुमानायच्या नाहीत आणि मीही फारशी जुमानत नव्हते. तेवढंच आमचं सुख.

गावी आल्यावर लवकरच माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली. पुण्यात ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. ही झडप वाजते. शांत खोलीत बसलं की माझ्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येते, मनगटावरचं घड्याळ कानाशी धरावं तशी. मला सुरुवातीला तिची भीती वाटायची. हे मात्र दुपारी वामकुक्षीला माझ्याशेजारी आडवे झाले की कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "पहाऱ्यावरचा संत्री जागा आहे. आता मी झोपायला मोकळा." या झडपेपायी रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर रोज घ्यावी लागते. गोळी चुकली की झडपेवर रक्त साकळतं आणि मग काय होतं ते डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं.

म्हणून आमच्या घरी परेड सुरू झाली. यांच्या पलटणी जंगलात असायच्या तेव्हा मलेरियाची गोळी प्रत्येक जवानाला साहेबापुढे उभं राहून गिळावी लागायची. गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, मोठ्याने आपलं नाव सांगायचं आणि पुढे सरकायचं. तीच पद्धत यांनी माझ्यावर चालवली. देवापाशी दिवा लागला की मी उभी, समोर हे पाण्याचा तांब्या घेऊन. मी गोळी गिळायची, आ करून दाखवायचं आणि माझं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, मोठ्याने म्हणायचं. शेजारच्या सुनांना ते ऐकू जायचं आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मी चिडायचे. पण एकही दिवस चुकला नाही.

ऑपरेशननंतरच्या वटपौर्णिमेला तर यांनी कहरच केला. गावाबाहेर एसटीच्या थांब्याजवळ जुना वड आहे. तिथे गावच्या बायका नटूनथटून दोरा गुंडाळत असताना हे इस्त्रीचा शर्ट घालून, हातात सुताचं गुंडाळं घेऊन रांगेत उभे राहिले. एक म्हातारी म्हणाली, "सायेब, तुमी कशापायी? ह्ये बायांचं काम हाय." यांनी तिला नमस्कार करून सांगितलं, "मावशी, सात जन्म दोघांचे आहेत. एकटीच्या सहीवर काम कसं चालेल?" आणि फेरे मारले. पुरुष चावडीवर बसून आठवडाभर त्यावर बोलत होते. यांना त्याचं काही नव्हतं. दरवर्षी ते त्या रांगेत उभे राहिले.

आता रागाचं सांगते. उसाचा हंगाम संपत आला होता. माझ्या गोळ्या गावात मिळेनात, शिरूरला मिळेनात. दुकानदार म्हणाले, दोन दिवसांत येतील. हे म्हणाले, दोन दिवस कोण थांबतंय, दौंडला मिळतील, आणि मोटारसायकल काढून गेले. परत येताना अंधारून आलं होतं आणि रस्त्यात उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. तिला मागे लाल दिवा नव्हता, चकाकणारी पट्टी नव्हती, साधा दगडसुद्धा कुणी मागे लावलेला नव्हता. याच माणसाने हंगामाच्या सुरुवातीला गावातल्या झाडून सगळ्या ट्रॉल्यांना स्वतःच्या हाताने लाल पट्ट्या चिकटवल्या होत्या, ट्रॉलीवाल्यांना शिव्या घालत. ही ट्रॉली आमच्या गावची नव्हती. बर्फातून, गोळीबारातून धडधाकट परत आलेला माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर गेला. पोलिसांनी त्यांच्या खिशातल्या वस्तू आणून दिल्या, त्यात माझ्या गोळ्यांची पाकिटं होती. एकही गोळी फुटली नव्हती.

दशक्रियेला घाटावर माणूस मावत नव्हता. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे भाषणं. माइक हातात आला की कुणाला सोडवत नाही. यांना हयातीत ज्यांनी ग्रामसभेत बोलू दिलं नाही तेही देशसेवेवर बोलले. एका पुढाऱ्याने तर गळा काढून सांगितलं की, "साहेबांनी वडाला फेरे मारून आपलं उरलेलं आयुष्य वहिनींना दिलं, आणि परमेश्वरानं ते मान्य केलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मला वाटलं उठावं आणि तो माइक हिसकावून विचारावं की, कुणी मान्य केलं? मला विचारलं होतं का? ट्रॉलीला दिवा लावायचं सोडून देवाच्या नावावर खपवताय? पण मी बसून राहिले आणि ते वाक्य मात्र माझ्या आत जाऊन बसलं. खरंच असा सौदा झाला असेल तर? माझ्या छातीतली टिकटिक म्हणजे यांचं उरलेलं आयुष्य असेल तर?

लेक सुट्टी काढून वैशाख संपेपर्यंत राहिली आणि मला स्वतः गोळी देत राहिली. ती गेली त्या संध्याकाळी मी देवघराचं दार लावलं. देवाला म्हटलं, तुझा दिवा बंद, माझी गोळी बंद. जी गोळी आणायला माझा माणूस गेला ती मी गिळायची नाही. फोनवर लेकीला रोज "घेतली" म्हणून सांगायचे आणि गोळी मोरीत टाकायचे. यांच्या खिशातून आलेली पाकिटं तेवढी कपाटात तशीच ठेवली होती. यांच्या फोटोपुढे मात्र दोन्ही वेळचं ताट न चुकता वाढायचे. भाकरी, कालवण, वर त्यांना आवडणारा ठेचा. देवाला उपाशी ठेवलं होतं, यांना नाही. हळूहळू टिकटिक दबत चालली. आधी दुपारी ऐकू यायची, मग कान देऊन ऐकावी लागायची. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागू लागली. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगते, एक प्रकारचा आनंद वाटत होता, की घे तुझा सौदा परत.

अशात वटपौर्णिमा आली. सकाळपासून रस्त्याने बायका जाताना दिसत होत्या, आंब्याची ताटं, गजरे, नव्या साड्या. मला अर्थातच कुणी हाक मारली नाही. दुपार कलल्यावर, वडाखाली कुणी उरलं नसेल अशा बेताने, मी विळा घेऊन निघाले. यांचा दोरा मला कापून काढायचा होता. सौदा त्या दोऱ्याने झाला होता ना, मग तो दोराच तोडायचा. वडापर्यंत जाताना तीनदा टेकावं लागलं. पोहोचले, विळा उगारला आणि बघत राहिले. नव्या पांढऱ्या दोऱ्यांखाली गेल्या वर्षीचे पिवळे पडलेले, त्याखाली त्याआधीचे, कुठला कुणाचा काही कळेना. यांचा दोरा काढायचा तर गावच्या सगळ्या लेकीसुनांचे दोरे कापावे लागले असते. तेवढी मी वाईट नाही. पारावर बसले आणि देवाला तोंडाला येईल ते बोलत सुटले. मोठ्याने. एवढ्या माणसांनी एवढे दोरे बांधले, एकाचा तरी मान ठेवलास का, असं विचारलं. तुझ्यात थोडी तरी माणुसकी असेल तर आता मला तरी लवकर ने, असंही म्हटलं.

तेवढ्यात एसटी थांबली आणि एक माणूस उतरला. साठीच्या आसपासचा, मिशा पांढऱ्या, खांद्याला हिरवी पिशवी, बूट पॉलिश केलेले. माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, कर्नलसायबांचं घर कुठशीक आलं?"

"कशाला हवंय?"

"भेटायचं व्हतं. म्हंजी, सायेब तर न्हाईत आता. मेमसाबांना भेटायचं."

मी म्हटलं, "मीच." त्याने पिशवी खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि मला, हातात विळा घेतलेल्या, पदर घामाने भिजलेल्या बाईला कडक सॅल्यूट ठोकला. मग तो रडू लागला. जरा वेळाने सांगितलं की तो कासुर्डीचा, सैन्यात यांच्या कंपनीत होता, हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि सध्या सुरतला वॉचमन आहे. "गावी आलो तवा कळलं, मेमसाब. तिकडं कुणी सांगितलंच न्हाई. म्या दसव्याला पायजे व्हतो."

"तिथे भाषणंच होती," मी म्हटलं. "काही गमावलं नाहीत."

तो वडाकडे बघत होता. "आज वटपुनव हाय व्हय?" म्हणाला, आणि डोळे पुसता पुसता हसला. "सायेब तिकडंबी बांधायचे."

"तिकडे कुठे?"

"वर, बर्फात. तिथं वड कुठला आलाय? झाडाचं पान दिसत न्हाई. वायरलेसच्या खांबाला दोरा गुंडाळायचे. आमी पोरं गालातल्या गालात हसायचो. मग दुसऱ्या वर्षी म्याच दोरा आणून ठिवला."

मी काय ऐकते आहे ते मला समजेना. ती तर ऑपरेशनच्या कितीतरी आधीची गोष्ट. त्या वर्षांत मी छावणीतल्या क्वार्टरमध्ये कुंडीत वडाची फांदी खोचून एकटीच फेरे मारत होते. त्याच दिवशी हा माणूस तिकडे खांबाला दोरा गुंडाळत होता, आणि आयुष्यभर एका शब्दाने मला बोलला नाही. मी विचारलं, "काय मागायचे ते?"

"म्या इचारलं व्हतं येकदा. सायेब म्हणले, मागायचं काय त्यात? तिकडं ती हजेरी देती, हिकडं मी देतो. झालं."

म्हणजे सौदा नव्हताच. त्या पुढाऱ्याने घाटावर रचलेली गोष्ट मी उराशी धरून मरायला निघाले होते. राग गेला असं म्हणणार नाही, पण त्याच्या पायाखालची एक वीट निखळली.

सूर्य खाली गेला होता. हवालदाराने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "मेमसाब, दोन मिन्टं. माझा टाइम झाला." त्याची रक्तदाबाची गोळी होती. तो उभा राहिला, टोपी काढली, गोळी गिळली, तोंड उघडलं आणि समोर कुणीही नसताना खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं. मग ओशाळून म्हणाला, "घरची हसत्यात मला. पर सायबांनी लावलेली सवय जात न्हाई." माझ्या अंगावर काटा आला. तो बोलत राहिला. "जंगलात व्हतो तवा आमच्यात येक पोरगं व्हतं. गोळी जिभंखाली धरायचं आन् मागं जाऊन थुकायचं. सायबांना कळलं. शिवी न्हाई, शिक्षा न्हाई. त्याच्या म्होरं आपलं ताट घिऊन बसले आन् जेवलेच न्हाईत. म्हणले, तू गोळी खाल्लीस की मी जेवतो, मला घाई न्हाई. रात ग्येली, सकाळ ग्येली, ताट तसंच. पोरगं रडकुंडीला आलं."

"मग?"

"मग काय, गिळली. सायेब शाबास म्हणले, आन् तवा कुठं जेवले."

मला एकदम आमच्या घरातलं ताट दिसलं. रोज फोटोपुढे वाढलेलं आणि रोज जसंच्या तसं उचललेलं. मी समजत होते की देवाला उपाशी ठेवलंय आणि यांना जेवू घालते आहे. आणि हे तिकडे ताट पुढे घेऊन बसले असतील, हात न लावता, मी गोळी कधी घेते याची वाट बघत. घाई नाही म्हणत. माझा माणूस माझ्यामुळे इतके दिवस उपाशी. मला हुंदका आला आणि त्याबरोबर श्वासच मिळेनासा झाला. मी हवालदाराचा हात धरला आणि म्हटलं, "हवालदार, मीही थुंकते आहे."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि आता त्याचा आवाज वेगळाच झाला. "उठा, मेमसाब." रस्त्यात मधोमध उभा राहून त्याने पहिली आली ती जीप अडवली. ती दौंडला स्टेशनवर माणसं सोडायला चालली होती. आतल्या बायकांनी कुणी कोण विचारलं नाही, मला जागा करून दिली, एकीने माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तिच्या हातात नवा हिरवा चुडा होता, सकाळचाच. ज्या रस्त्यावर हे गेले त्या रस्त्याने पुन्हा जायचं नाही अशी मी शपथ घेतली होती. त्याच रस्त्याने गेले. ती जागा आली तेव्हा हवालदार पुढच्या सीटवर ताठ बसला होता. त्याला जागा ठाऊक नव्हती. मी सांगितलं नाही.

दौंडच्या डॉक्टरांनी मला वाचवलं. झडपेवर रक्त साकळू लागलं होतं, ते औषधाने विरघळण्याजोगं होतं. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून सलाइनमधून औषध सुरू केलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर आमच्या हातात काही नव्हतं, असं म्हणून ते मला रागावलेही. त्यांचा राग मला आवडला. हवालदार लेक येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून होता. मग आला तसा सॅल्यूट ठोकून गेला. सुट्टी संपली होती, सुरतला जायचं होतं म्हणाला. त्याच दिवशी, त्याच एसटीने तो कसा आला, असं भजनी मंडळातल्या बायका डोळे विस्फारून विचारतात. मी सांगते की कासुर्डीहून यायला त्याला तीच गाडी सोयीची होती. त्यापुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

सलाइन सुटल्यावर पहिल्या संध्याकाळी नर्स माझी नेहमीची गोळी घेऊन आली. दौंडचीच पोरगी, हातात पाण्याचा ग्लास. गोळी देण्याआधी तिने विचारलं, "मावशी, पूर्ण नाव सांगा बरं तुमचं." त्यांची ती रीतच असते, औषध चुकीच्या माणसाला जाऊ नये म्हणून. मला ते ठाऊक होतं. तरी मी पलंगावरून उतरले, सरळ उभी राहिले, गोळी गिळली, आ करून दाखवलं आणि माझं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं. ती हसायला लागली. "अवो मावशी, त्वांड नका दाखवू, माझा इश्वास हाय." तिला म्हटलं, तुझा असेल, पण एक माणूस आहे, तो तोंड बघितल्याशिवाय ऐकत नाही.

आता देवघराचं दार उघडं आहे. दिवा लावते. देवाशी बोलणं चालू झालंय, म्हणजे भांडणच चालू आहे. त्या ट्रॉलीचं उत्तर त्याने मला दिलेलं नाही आणि मी ते विचारायचं सोडणार नाही. पुढच्या हंगामात पट्ट्या चिकटवायला मी स्वतः जाणार आहे, गावच्या ट्रॉल्यांना आणि परगावच्यासुद्धा. पण जगायचं की नाही हा हट्ट मी त्याच्या पायाशी ठेवून दिला. तो माझ्या अखत्यारीतला नव्हताच. माझ्याकडे फक्त हजेरी आहे, आणि ती द्यायला त्याने मला शिल्लक ठेवलं, म्हणून त्याचे आभारही मानते. रागात मानते, पण मानते. सॅल्यूट ठोकणाऱ्या त्या माणसाचे मात्र मनापासून.

रोज दिवेलागणीला यांच्या खिशातून आलेल्या गोळ्यांतली एक घेते. त्या आता संपत आल्या आहेत, मग दुकानातल्या आणीन. फोटोपुढे उभी राहते, गिळते, आ करते, नाव सांगते. दुपारी पडलं की टिकटिक पुन्हा स्पष्ट ऐकू येते. नाव सांगून झालं की ताट वाढते, भाकरी, कालवण, वर ठेचा, आणि यांना म्हणते, "घेतली. जेवा आता."